भुऱ्याला कुणी मारलं होतं

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सुरेखाला नाही, मुलीला नाही, शाळेतल्या जवळच्या माणसाला नाही. देवापुढं हात जोडल्यावरसुद्धा नाही — तिथंही मी आडून आडून बोलतो आणि प्रसाद घेऊन उठतो. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच जमेल.

गोष्ट कुत्र्याची आहे. म्हणजे — कुत्र्याची म्हणून मी ती इतकी वर्षं सांगत आलो. आमच्याकडं एक कुत्रं होतं, चावरं निघालं, खूप उपाय केले, शेवटी देऊन टाकावं लागलं. एवढं बोललं की लोक मान हलवतात, स्वतःच्या कुत्र्यांच्या दोन गोष्टी सांगतात आणि विषय संपतो. आजवर कुणी पुढचा प्रश्न विचारलेला नाही. एकाच माणसानं विचारला होता, त्याच्याकडं येतो.

मी माजलगावात एका हायस्कूलला विज्ञान शिकवतो. इतक्या वर्षांत एकाही पोराच्या अंगाला मी हात लावलेला नाही. छडी नाही, कान पिळणं नाही, साधी टपली नाही. माझी ती ओळखच आहे. एका शिक्षकदिनाला पालकांनी मला शाल दिली आणि एकानं माईकवर सांगितलं, "ह्या सरांनी आमच्या लेकरावर कधी हात उगारला न्हाई." टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो नम्रपणा वाटला. तेव्हा तो खरोखर नम्रपणाच होता.

आमचं घर गावाबाहेर, कालव्याच्या रस्त्याला. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पडीक रान. त्या रानात दामूअण्णा शेळ्या चारायचा. पन्नाशीचा माणूस, मितभाषी, उन्हानं काळा पडलेला. दुपारी आमच्या अंगणातल्या नळावर पाणी प्यायला यायचा आणि सुरेखा त्याला भाकरी द्यायची. मुलीचं लग्न होऊन ती लातूरला गेली त्या वर्षी सुरेखा फार गप्प झाली होती. दामूअण्णाच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. एक दिवस त्यानं धोतराच्या सोग्यात गुंडाळून एक पिल्लू आणलं आणि सुरेखाच्या हातात दिलं. "घरात चालतं-फिरतं कायतरी असावं, बाई," एवढंच म्हणाला.

तो भुऱ्या. मातीच्या रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. सुरेखा घरीच ब्लाऊज शिवायची. हा मशीनखाली झोपायचा आणि पायडल हललं की शेपटी आत ओढून घ्यायचा. पहिलं दीड वर्ष तो कुणावर भुंकलासुद्धा नाही. चोर आला तर कंदील धरील, असं आम्ही म्हणायचो.

मग तो बिघडला. हा शब्द सगळ्यांनी वापरला, मीही वापरला. आधी नुसता गुरगुरायचा. मग गॅस टाकी घेऊन आलेल्या माणसाच्या पोटरीला त्यानं दात लावले. मग ब्लाऊज टाकायला आलेल्या एका बाईचा पदर धरला आणि सोडेना. बाई एवढी घाबरली की पुन्हा आमच्या दारात आली नाही. शेजारच्या वस्तीवरले लोक म्हणाले, "सर, इष घालून मोकळं व्हा. उद्या कुणाचं लेकरू धरलं तर काय करता?"

सुरेखानं ऐकलं नाही. म्हणाली, "माणसाचं डोकं बिघडलं तर दवाखान्यात नेतो का नाही? मग ह्याला कावून न्यायचं न्हाई?"

मी म्हणालो, बघू. मला न्यायचं नव्हतं. का नव्हतं — येतो, त्यावरच येतोय.

तिनं स्वतः जनावरांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना आणलं. त्यांनी कान, दात, पोट सगळं तपासलं. आजार काही नाही म्हणाले. रेबीजची लस टोचली आणि जाताना एक नाव दिलं — गव्हाणे. हे गृहस्थ पोलिसांच्या श्वान पथकात अख्खी नोकरी करून निवृत्त झाले होते आणि लिंबागणेशला गावाकडं राहत होते. जिल्ह्यात कुणाचं कुत्रं बिघडलं की हातात एक कापडी पिशवी घेऊन एसटीनं जायचे. "औषधाचं काम नाही हे," डॉक्टर म्हणाले, "ह्यांना दाखवा. ते कुत्र्यापेक्षा घर जास्त बघतात."

ते शेवटचं वाक्य मला नको होतं. सुरेखाला मात्र धीर आला. तिनं त्याच दुपारी फोन लावला. गव्हाणे रविवारी येतो म्हणाले.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी घरी आलो, अंगणातला पाण्याचा हिरवा पाईप नळावरून काढला, गुंडाळला आणि पाण्याच्या टाकीमागं पत्र्याखाली सारला. सुरेखाला सांगितलं, पाईप फुटलाय, झाडांना बादलीनं पाणी घाल. तिनं बरं म्हटलं. तिनं माझ्या शब्दावर कधी शंका घेतलेली नाही. अजूनही घेत नाही.

फेकून का दिला नाही तो पाईप? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता त्यात काही अर्थच उरला नाही. चांगला पाईप होता. बस्स. चांगली वस्तू फेकवली नाही.

गव्हाणे आले. उंच, किंचित वाकलेले, डोक्यावर टोपी. भुऱ्या लिंबाला बांधलेला होता, भुंकून भुंकून त्याच्या तोंडाला फेस आलेला. गव्हाण्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्याच्याकडं पाठ करून पायरीवर बसले, चहा मागितला आणि आमच्याशी पाऊसपाण्याचं बोलत राहिले. तासाभरानं भुऱ्या गप्प झाला. आणखी थोड्या वेळानं साखळी पुरेल तिथवर येऊन त्यांच्या पाठीचा वास घेऊ लागला. तेव्हा कुठं त्यांनी पिशवीतून उकडलेल्या अंड्याचा तुकडा काढला आणि मागं न बघता टाकला.

मग त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, जसं डॉक्टर विचारतात, रात्री झोप लागते का.

"ह्याला कुणी मारलंय का?"

सुरेखाच बोलली. "मामा, आमच्या घरात मुंगीलासुद्धा कुणी मारत न्हाई. सर तर शाळेतल्या पोरांवर कधी हात उचलत न्हाईत. विचारा गावात कुणालाबी." आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. अभिमानानं पाहिलं.

गव्हाणेही माझ्याकडं बघत होते. भुऱ्या बघत नव्हता. मी अंगणात असलो की तो कधीच माझ्याकडं बघायचा नाही.

"नाही," मी म्हणालो.

आता सांगतो.

त्याच्या आधीच्या दिवाळीनंतर आमच्या शाळेत नवे मुख्याध्यापक आले होते. माझ्याहून बरेच लहान. त्यांना माझी पद्धत पसंत नव्हती. भर मीटिंगमध्ये ते म्हणाले, "सर, तुमच्या मवाळपणानं पोरं डोक्यावर बसलीत. तुमचा वर्ग म्हणजे बाजार हाय." सगळे हसले नाहीत, दोघं-तिघंच हसले.  मग त्यांनी माझ्याकडचा दहावीचा वर्ग काढून घेतला. मी बरं म्हणालो. सही केली आणि घरी आलो.

सुरेखा त्या वेळी संध्याकाळी बाजारात जायची, अस्तर, बटणं, धागे आणायला. घरी मी एकटाच असायचो. त्या दिवशी मी नळावर पाईप लावून पाय धूत होतो. भुऱ्या रोजच्यासारखा आनंदानं माझ्या अंगावर झेपावला. पांढऱ्या शर्टावर चिखलाचे दोन पंजे उठले. मी हातातला पाईप दुमडला आणि त्याला मारलं.

तो केकाटला. एवढं कुणाच्याही हातून होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत आलो. पण तो पळून गेला नाही. पोटावर सरपटत, शेपटी हलवत परत माझ्या पायाशी आला. त्याला वाटलं त्याचंच काही चुकलं. आणि मी त्याला दुसऱ्यांदा मारलं. मग तिसऱ्यांदा. शर्टासाठी नाही. शर्टाचा राग पहिल्या फटक्यातच संपला होता. मला — हे लिहिताना बोट थांबतंय — मला बरं वाटलं. छातीवरचा दगड उतरावा तसं. मी हात धुतले, शर्ट बदलला आणि सुरेखा आली तेव्हा तिच्यासाठी चहा ठेवला होता.

तो एक दिवस नव्हता. जवळजवळ चार महिने चाललं. रोज नाही. ज्या दिवशी शाळेत काही व्हायचं त्या दिवशी. नंतर नंतर काही झालं नाही तरी. पाईप अंगावर वळ ठेवत नाही, केसांखाली काही दिसत नाही. हेही मी बघून ठेवलं होतं. पोरांवर हात न उगारणारा माणूस मी.

एकदा दामूअण्णानं पाहिलं. कुंपणापलीकडं उभा होता. किती वेळ उभा होता माहीत नाही. मी पाईप खाली टाकला. तो आत आला, नळाला तोंड लावून पाणी प्याला आणि जाताना म्हणाला, "सर, मुकं जनावर हाय." बस्स. ना आवाज चढवला, ना थांबला. पण त्या दिवसापासून तो सुरेखाशी दोन शब्द बोलताना दिसला की माझे कान तिकडं लागायचे. सांगील का? आज सांगील का?

गव्हाण्यांनी त्या पहिल्या दिवशी दोन गोष्टी केल्या. भुऱ्याच्या तोंडाला मुसकं दिलं, बैलाला घालतात तसंच पण मऊ पट्ट्यांचं, आणि ते कसं चढवायचं ते सुरेखाला शिकवलं. आणि मला एक वही करायला सांगितली. "कुत्रं जे करतं त्याच्या आधी कायतरी झालेलं असतं, सर. ते कायतरी मला पायजे. तो कधी गुरगुरला, कोण होतं, त्याच्या हातात काय होतं, सगळं लिवायचं. तुमी शिकवणारं माणूस. तुमीच लिवा."

तीन आठवडे मी ती वही लिहिली. सुंदर अक्षरात. मी नळाजवळ गेलो की तो गुरगुरायचा, अंगाचं धनुष्य करून भिंतीला चिकटायचा. मी लिहायचो: संध्याकाळी साडेपाच, दामूअण्णा कुंपणाजवळ, हातात काठी. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा दामूअण्णा खरंच कुंपणाजवळ होता, म्हणून खोटं लिहितोय असं वाटलंच नाही. दुसऱ्यांदा तो लांब बांधावर होता. पुढं पुढं तो त्या दिवशी आलाच नव्हता तरी मी त्याला आणला. त्याला आणण्यात माझा दुहेरी फायदा होता. तुमच्या लक्षात आलंच असेल. एकदा का त्याच्यावर बोट आलं की त्यानं पाहिलेलं त्याच्या तोंडून खरं वाटणार नाही.

गव्हाण्यांनी वही वाचली. दोनदा वाचली. म्हणाले, "काठीवाल्या माणसाला भितंय हे." सुरेखाचा चेहरा उतरला. ज्यानं धोतरात गुंडाळून पिल्लू आणलं त्याच्याबद्दल तिला हे ऐकावं लागलं. दामूअण्णाला बोलावलं. तो अंगणात उभा राहिला, काठी कुंपणाला टेकवून. गव्हाण्यांनी समजुतीनं सांगितलं, कुणी तुला दोष देत नाही, कधी नकळत उगारली असंल.

"म्या न्हाई मारलं," दामूअण्णा म्हणाला. एकदाच. आणि मग माझ्याकडं पाहिलं. सुरेखाकडं नाही, गव्हाण्यांकडं नाही. मी वहीची पानं सारखी करत होतो.

उपाय ठरला तो असा. दामूअण्णानं रोज काठी न घेता यायचं, भुऱ्यापासून वीस पावलांवर बसायचं आणि अंड्याचे तुकडे टाकायचे. रोज एक पाऊल जवळ. त्याच्या जागी मी असतो तर आलो नसतो. तो आला. शेळ्या रानात सोडून आला, मांडी घालून बसला आणि सांगितलं तसं करत राहिला. ज्याचं पाप होतं तो शाळेतून येऊन खुर्चीवर बसून बघत होता.

पाचव्या दिवशी भुऱ्यानं त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. ठेवणारच. त्याला दामूअण्णाची भीती कधी नव्हतीच.

गव्हाणे मात्र बुचकळ्यात पडले. "एवढ्या लौकर? म्या दोन महिने धरून चाललो व्हतो." त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, वहीतून काही ऱ्हायलं का? बारीक असलं तरी चालंल." त्यांनी मला संधी दिली होती. आता कळतं की ती संधी होती. मी म्हणालो, "नाही साहेब, सगळं लिहिलंय."

त्याच आठवड्यात दामूअण्णानं मला नळावर गाठलं. हात बांधून उभा राहिला. "सर, माजं नाव कावून लिवलंत?"

"तुमच्या काठीमुळं," मी म्हणालो.

"माजी काठी शेळ्यास्नीबी लागत न्हाई," तो म्हणाला. नळाला तोंड लावलं नाही. तसाच गेला. पुढं तो आमच्या अंगणात पाणी प्यायला कधी आला नाही.

आणि भुऱ्या खरोखर सुधारत होता. गव्हाणे येणार म्हणून ठरलं त्या दिवसापासून मी त्याला हात लावला नव्हता. पाईप दिसत नव्हता. तो खायला लागला, मशीनखाली झोपायला लागला, येणाऱ्या बायकांना हुंगून सोडून द्यायला लागला. सगळ्यांना वाटलं उपाय लागू पडला. मलाही वाटलं — की आता झालं गेलं मिटलं. मी मारायचं सोडलं म्हणजे मी मारलंच नव्हतं, असं काहीतरी माझ्या मनानं करून टाकलं होतं. गव्हाण्यांनी पुढच्या खेपेला येऊन मुसकं काढलं. सुरेखानं त्यांना पुरणपोळी वाढली.

उन्हाळा आला. एका रविवारी सकाळी मी आत दाढी करत होतो. बाहेरून आवाज आला — फरशीवरून रबर ओढत नेल्याचा. तो आवाज मला किती ओळखीचा होता ते आता तुम्हाला सांगायला नको. सुरेखाला पत्र्याखाली पाईप सापडला होता. तिनं मोठ्यानं म्हटलं, "अहो, चांगलाय की हा. कुठं फुटलाय?" तिच्या आवाजात हसू होतं.

भुऱ्या मोकळा होता. मुसकं नव्हतं.

मला माहीत होतं. पूर्ण माहीत होतं. "टाक तो पाईप" — तीन शब्द. खिडकी उघडी होती. मी ओरडलो असतो तर तिनं टाकला असता, माझं ऐकते ती. मी का ओरडलो नाही? कारण तिनं लगेच विचारलं असतं, का? आणि मी त्या का-चं उत्तर शोधत होतो. आरशात बघत, गालाला साबण लावून, मी कारण जुळवत होतो. फार वेळ नाही, दोन-तीन श्वास. सगळ्यांत मोठं पाप कोणतं असं मला कुणी विचारलं तर मारलं ते नाही सांगणार. ते दोन-तीन श्वास सांगेन.

मग ती ओरडली.

मी धावलो. भुऱ्यानं सोडलं होतं. चावा घेतल्या घेतल्या सोडलं होतं. तो टाकीपाशी जमिनीला चिकटून पडला होता, थरथरत, खाली ओलं झालेलं. सुरेखाच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तळवा फाटला होता. पाईप तिच्या पायाशी पडला होता. तो मी उचलला, बाजूला टाकायला म्हणूनच उचलला, आणि ती म्हणाली, "मारू नका त्याला. घाबरलंय ते."

माजलगावला जखम धुतली, इंजेक्शनं दिली. बीडला नेऊन ऑपरेशन केलं. शीर तुटली होती. हात वाचला, पण अंगठा पुरता वळत नाही. तिला कात्री धरता येत नाही. सुईत दोरा ओवता येतो, पण टाका घालता येत नाही. मशीन दोन वर्षं कापड टाकून ठेवलं होतं, मग मुलीकडं पाठवलं.

गव्हाणे दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले. टोपी काढून कॉटपाशी उभे राहिले. एवढा उंच माणूस, हात जोडलेले. "वहिनी, चूक माजी हाय. मुसकं म्या लौकर काढलं. एवढी वर्षं कुत्र्यात घालवली आन् एवढं कळलं न्हाई मला." सुरेखा म्हणाली, "तुमची कशी चूक, मामा?" पण ते तिचं ऐकत नव्हते. माझ्याकडं वळले आणि माझ्यापुढं हात जोडले.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "जाऊ द्या साहेब. होतं असं."

मी त्यांना माफ केलं. कळतंय ना मी काय म्हणतोय ते?

जाताना ते म्हणाले, "भुऱ्याला माज्याकडं द्या. दोन महिने ठेवतो. कुठं चुकलं ते मला बघायचंय." मी नको म्हणालो. वर म्हणालो की आता आम्हाला जोखीम घ्यायची नाही. जोखीमच होती. त्यांच्याकडं एखादा पाईप कधीतरी निघाला असता आणि त्या माणसाला सगळं कळलं असतं.

दहा दिवस भुऱ्याला बांधून नजरेखाली ठेवायचं होतं, ते ठेवलं. मग मी सुरेखाला सांगितलं, उमापूरकडं एक मेंढपाळ कुटुंब आहे, ते सांभाळतील, उघड्या रानात राहील. असं कुटुंब नव्हतं. एका सहकाऱ्याची जीप मागून आणली. भुऱ्या माझ्या हातानं गाडीत चढेना. सुरेखानं चढवला. हाताला पट्टी बांधलेली, डाव्या हातात बिस्किट धरून तिनं त्याला पुचकारलं, तो तिच्या मागं मागं आला आणि बसला. तिनं त्याच्या पडलेल्या कानाला हात लावला. "नीट ऱ्हा," म्हणाली.

उमापूर ओलांडून पुढं, वस्ती संपल्यावर, मी गाडी थांबवली आणि मागचं दार उघडलं. दुपार होती. मला वाटलं होतं तो उतरणार नाही, किंवा गाडीमागं धावेल, आणि ते बघावं लागेल. तसं काही झालं नाही. तो स्वतःच उडी मारून उतरला, रस्ता ओलांडून लांब तूर काढलेल्या रानात जाऊन उभा राहिला आणि माझ्याकडं बघत राहिला. किती महिन्यांनी त्यानं माझ्याकडं बघितलं होतं. मी गाडीत बसून निघेपर्यंत त्यानं नजर हलवली नाही. मी जातोय याची खात्री करून घेत होता तो.

सुरेखा अजून अधूनमधून म्हणते, उमापूरकडं कुणी जाणार असलं तर भुऱ्याची चौकशी करा. मी म्हणतो, करतो. एकदा सांगितलंसुद्धा की बराय, अंगानं भरलाय. दामूअण्णा त्या रानात शेळ्या आणत नाही. रस्त्यात दिसला तर राम राम करतो, तोही करतो. त्यानं कुणालाच काही सांगितलं नाही. ज्या भीतीनं मी त्याचं नाव वहीत घातलं, ती भीती खोटी होती. तो कधी सांगणारच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मला बीडच्या बसस्थानकावर गव्हाणे दिसले. आधी ओळखलंच नाही, फार खंगले होते. त्यांनीच हाक मारली. "वहिनींचा हात?"

"बराय," मी म्हणालो. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "सध्या कुणाचं कुत्रं बघताय?"

"आता न्हाई बघत, सर. लोक येतात, पण म्या न्हाई म्हणतो. धीर होत न्हाई."  माणसांच्या गर्दीत त्यांचा आवाज मला पुढं वाकून ऐकावा लागत होता. "आजून इचार करतो. कुठं चुकलो ते काय सापडत न्हाई."

माजलगावची गाडी लागली होती. मी येतो म्हणालो आणि चढलो. मला खिडकीची जागा मिळाली. गाडी लगेच सुटली नाही. कंडक्टर खाली कुणाशी तरी बोलत होता, ते बोलणं बराच वेळ चाललं. गव्हाणे खाली उभेच होते. त्यांना वाटलं असेल ओळखीचा माणूस निघालाय, गाडी सुटेपर्यंत थांबावं. काच उघडी होती. हात लांब केला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता. मी खिशातून मोबाईल काढला आणि गाडी हलेपर्यंत त्याच्यात बघत बसलो.